इंजिनच नाही तर एवढं लांब बॉनेट कशाला?

भावा, तुझा प्रश्न असा की व्हिजन मर्सिडीज-मेबॅक 6 ही मर्सिडीजची कॉन्सेप्ट गाडी (म्हणजे कल्पना दाखवायला केलेला नमुना) पूर्ण इलेक्ट्रिक, पुढं इंजिनच नाही, मग बॉनेट एवढं लांब का ठेवलं, आणि असल्या कॉन्सेप्ट गाड्या विकायच्याच नसतील तर करतात तरी कशाला. माझी बरीच वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, करण्यात गेली, आकार हा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळं जरा लांबड लागंल.

आधी बॉनेट. दसऱ्याला कोल्हापूरचे छत्रपती त्यांच्या जुन्या मेबॅकमधनं दसरा चौकात येतात, ती गाडी तू बघितलीच असशील. यंदा ती समोरनं नको, बाजूनं बघ. पुढचं चाक आणि दार यांच्यात अंतर किती सोडलंय ते बघ. त्या काळात मेबॅकची इंजिनं म्हणजे एका रांगेत सहा सिलिंडर नाहीतर व्ही-12 (व्ही आकारात बारा सिलिंडर), ती बसवायची तर लांबी लागायचीच, आणि असलं इंजिन परवडणार कुणाला तर राजेरजवाड्यांना, म्हणून लांब बॉनेट म्हणजे मोठ्या माणसाची गाडी हे लोकांच्या नजरेत पक्कं बसलं. आपल्या रोजच्या छोट्या गाडीत इंजिन आडवं असतं, पुढचं चाक जवळजवळ दाराला टेकलेलं, तिथं ते अंतर उरतच नाही.

2016 ला ही मेबॅक 6 आली तेव्हा बॅटरी तळात गेलेली, चार इलेक्ट्रिक मोटर चाकांच्या जवळ, आणि बॉनेटखाली चक्क सामानाची जागा. गाडी जवळजवळ 6 मीटर लांब, चाकं 24 इंची. म्हणजे बॉनेट आता यंत्रासाठी राहिलंच नाही, ते घराण्याची ओळख म्हणून ठेवलंय. काही जणांना हा खोटेपणा वाटतो, मला अजिबात वाटत नाही, कारण गाडी लांबून ओळखू आली पाहिजे आणि ओळख होते ती प्रपोर्शनवरनं, म्हणजे भागांच्या एकमेकांशी असलेल्या प्रमाणावरनं, लोगो खूप नंतर दिसतो.

आता गंमत बघ, त्याच मर्सिडीजनं आदल्याच वर्षी, 2015 ला, एफ 015 दाखवली होती, ती बरोबर उलटी. बॉनेट नावापुरतं, चाकं पार टोकांना ढकललेली, पुढच्या आणि मागच्या चाकात 3.6 मीटरच्या वर अंतर, आणि आत चार खुर्च्या समोरासमोर फिरणाऱ्या, कारण गाडी स्वतः चालणार आणि माणसं गप्पा मारत बसणार. लक्झरी बाहेरच्या रुबाबात का आतल्या ऐसपैस जागेत? एकाच कंपनीनं दोन्ही उत्तरं करून बघितली, आणि माझ्या मते कॉन्सेप्ट यासाठीच करायची असते. पहिली कॉन्सेप्ट कार म्हणतात ती 1938 ची ब्युइक वाय-जॉब, जनरल मोटर्सचा डिझायनर हार्ली अर्लची, तिच्यात झाकले जाणारे हेडलाईट आणि बटणावर चालणाऱ्या काचा होत्या, विकायला कधीच नव्हती, पण अर्ल ती स्वतः वर्षानुवर्षं चालवायचा. बीएमडब्ल्यूनं 2008 ला दाखवलेल्या जीना या कॉन्सेप्ट गाडीला तर पत्र्याऐवजी ताणलेलं कापड होतं.

आणि हे सगळं कॉम्प्युटरवरच होतं असं समजू नको. आजही क्लेचं, म्हणजे मॉडेलिंगच्या मातीचं, मॉडेल करतात, फोमच्या सांगाड्यावर गरम केलेली क्ले थापून, खरवडून, मग वर फिल्म चिकटवून उजेड कसा फिरतो ते बघतात. आम्ही लाकडी पॅटर्नवर हात फिरवून उंचवटा शोधतो ना, तीच नजर. तूही बघ, रात्री ट्यूबलाईटखाली उभ्या असलेल्या गाडीच्या दारावर लाईटची रेघ दिसते, ती सलग वाहत गेली तर सरफेस चांगला, मध्येच मुरडली किंवा तुटली तर तिथं काम कच्चं.

तुला स्वतः स्केच काढून बघायचं असंल तर आधी नुसती दोन चाकं काढ. साधारणपणे दोन्हींच्या मध्ये तसलीच तीन चाकं बसतात, तिथनं सुरू कर, मग बॉडी. मेबॅक 6 आणि एफ 015 या दोन्ही गाड्या बाजूनं दिसतात तशा काढ, एकाच मापात, एकाखाली एक, आणि इथं टाक, बघून सांगतो कुठं चुकतंय.