मुलीला सोलर सेलवर संशोधन करायचंय. स्कोप आहे का?

प्रश्न : मुलगी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फिजिक्समध्ये एमएस्सी करून सोलर सेल आणि एलईडीच्या मटेरियलवर पीएचडी करायची म्हणते. पाहुणे म्हणतात, त्यापेक्षा बीएड बरं. काय करावं? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. पोरीने विषय चांगला हेरलाय. अशा मटेरियलमध्ये सध्या पेरोव्स्काइट या खास स्फटिकरचनेच्या पदार्थांचं नाव आहे. त्यांचा पहिला सोलर सेल २००९ मध्ये जपानमध्ये झाला, तेव्हा तो जेमतेम ३.८ टक्के उजेडाची वीज करायचा. आता प्रयोगशाळेतले सेल २६ टक्क्यांच्या पुढे गेलेत. याच कुळातल्या पदार्थांना वीज दिली की ते उजेड देतात, म्हणून सोलर सेल आणि एलईडी ही दोन्ही कामं शेजारी शेजारी चालतात.

घोडं अडलंय टिकण्यावर. पेरोव्स्काइटला ओल सोसत नाही. काचेवर चढवलेली काळसर तपकिरी फिल्म (म्हणजे पातळ थर) दमट हवेत पिवळी पडते, कारण आत पिवळं लेड आयोडाइड सुटं होतं. कोल्हापूरच्या जुलैत तर विचारूच नका! म्हणून हे काम कोरड्या वायूने भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, हात रबरी मोज्यांत घालून करावं लागतं. तीच काच धुवायची, तीच फिल्म पुन्हा चढवायची, असे महिने जातात. हा चिवटपणा तिच्यात आहे का, हे मार्कशीट सांगणार नाही.

शिवाजी विद्यापीठाचा फिजिक्स विभाग थिन फिल्मच्या कामासाठी ओळखला जातो. तापलेल्या काचेवर द्रावण फवारून फिल्म बनवण्याची पद्धत तिथे जुनी आहे. सुट्टीत तिथल्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना भेटून थोडे दिवस लॅबमध्ये बसू द्या म्हणावं. एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम ही प्रवेश परीक्षाही द्यावी, नंतर नेट ही संशोधन-प्राध्यापकीची पात्रता परीक्षा.

पैशाचं रोखठोक सांगतो. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. फेलोशिप किंवा प्रोजेक्टचा पगार नसेल तर पीएचडीला नाव घालू नका, गाइड कितीही मोठा असो. आणि नोकरी कोल्हापुरातच हवी असा घरचा हट्ट असेल, तर मात्र पाहुण्यांचं ऐका. या क्षेत्रात पुणे, मुंबई, बेंगळुरू, कदाचित परदेश धरूनच चालावं लागतं. तेवढं घरात आधी बोलून घ्या, मग जॅमचा फॉर्म भरा.