चित्रांची पुस्तकं आणि आजी

प्रश्न : मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. नातवासाठी चित्रांची पुस्तकं आणते, पण तो झोपला की मीच ती परत परत बघत बसते. मुलगा म्हणतो, आई, दोन मिनिटांत संपणाऱ्या पुस्तकाला एवढे पैसे कशाला? काय सांगू त्याला?

उत्तर : ताई, त्याला सांगा, दोन मिनिटांत शब्द संपतात, चित्रं नाही संपत. अशा पुस्तकात बहुतेक वेळा ३२च पानं असतात, त्यामुळे चित्रकाराला एकेक पान जपून वापरावं लागतं, जे मजकुरात नाहीये ते चित्रात ठेवावं लागतं, आणि वाचता न येणारं पोर ते आपल्याआधी शोधतं, कोपऱ्यातली मांजर हमखास त्यालाच दिसते!

किमतीचं म्हणाल तर चेन्नईच्या तारा बुक्स ह्या प्रकाशनाचं 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' एकदा हातात घेऊन बघाच. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती ह्या गोंड कलाकारांची झाडं आहेत त्यात, काळ्या कागदावर, आणि छपाई हाताने, स्क्रीन प्रिंटिंगची, प्रत्येक रंग वेगळा चढवलेला, बांधणीसुद्धा हाताचीच. असं पुस्तक मोठ्यांनी नाही बघायचं तर कोणी?

आणि आपण तर बडोदेकर, सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून इथेच आहे, तिथे ॲन्युअल डिस्प्ले, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाचं वार्षिक प्रदर्शन, लागतं तेव्हा मुलाला आणि नातवाला दोघांनाही घेऊन जा. घरी मात्र नवीन पुस्तक आणलं की आधी मजकूर वाचूच नका, नुसती पानं उलटा आणि गोष्ट नातवाला सांगू द्या.