एलिझाबेथची गोष्ट अर्धीच का सांगता?

प्रश्न : ताई, आम्ही प्रोटेस्टंट, पुण्याला असतो. यंदा आमच्या तरुण संघाने आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांत, चार मेणबत्त्यांचं चक्र ठेवायचं ठरवलं तर मंडळीतले दोन-तीन ज्येष्ठ म्हणाले हे कॅथलिकांचं, आपल्यात नको. खरंच तसं आहे का?

उत्तर : उलट आहे, हे चक्र तुमच्याच घरातलं आहे. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिनरिक विखर्न नावाचे लुथरन पाळक होते, गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे, मुलं रोज विचारायची नाताळ आला का, म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीचं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर रविवारच्या चार मोठ्या आणि रोजच्या छोट्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची, म्हणजे किती दिवस राहिले ते मुलांना डोळ्यांनी दिसायचं. कॅथलिकांनी ते विसाव्या शतकात उचललं. तेव्हा खुशाल ठेवा. फक्त चारही मेणबत्त्या एका मापाच्या घ्या आणि पहिली छोटी झाली म्हणून मध्येच बदलू नका. चौथ्या रविवारी पहिली पार खाली आलेली असते आणि चौथी नवीकोरी, ते तसंच दिसू द्या.

प्रश्न : ताई, नाव लिहीत नाही, वसईची आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. आगमनकाळ आला की माझ्या पोटात गोळाच येतो. नाताळच्या आधीच्या आठवड्यात मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलं की रोज तीच वाचनं, हिला म्हातारपणी मूल झालं, तिला देवाने मूल दिलं, आणि बाहेर आलं की कुणीतरी हात धरून म्हणतंच, एलिझाबेथला झालं की नाही, विश्वास ठेव गं. ती बाई चांगल्या मनानेच बोलते, पण मला वाटतं म्हणजे माझाच विश्वास कमी पडतोय. आता तर गाणी म्हणायला तोंड उघडत नाही, नुसती उभी राहते. एलिझाबेथच्या नवऱ्याने, जखऱ्याने, मूल होईल असं देवदूताने सांगितल्यावर शंका घेतली तर तो मुका झाला, मग माझं काय? नाताळपर्यंत चर्चला जाऊच नये असं वाटतं.

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे, १९ डिसेंबरला शमशोनाच्या आईचं वाचन असतं आणि त्याच दिवशी जखऱ्या-एलिझाबेथचं, मग २२ ला शमुवेलाच्या आईचं, हन्नाचं. ज्यांच्या घरात पोरं खेळतायत त्यांना ही वाचनं गोड वाटतात, पण तुमच्यासारखीला ती कुठे लागतात हे आम्ही कुणी कधी बोलतच नाही.

पण ती गोष्ट लोक अर्धीच सांगतात. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढा, सहावं आणि सातवं वचन. तो आधी सांगतो की ही दोघं देवापुढे नीतिमान होती, त्यांच्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि मग सांगतो की त्यांना मूल नव्हतं. मूल नसतानाही ती नीतिमानच होती. विश्वास वाढला आणि मग मूल झालं असं लूकने कुठेच लिहिलेलं नाही. आणि पंचविसाव्या वचनात एलिझाबेथ काय म्हणते बघा, देवाने लोकांमधली माझी निंदा दूर केली. लोकांमधली! तिला टोचणारे लोक होते, देव नव्हता.

जखऱ्याचं म्हणाल तर त्याची वाचा गेली, पण दिलेलं वचन देवाने मागे घेतलं नाही, मूल वेळेवर आलं. आणि इतके महिने गप्प राहिलेल्या त्या माणसाची वाचा परत आली तेव्हा तोंडातून स्तुतीच निघाली, ती स्तुती आजही चर्चच्या सकाळच्या प्रार्थनेत रोज म्हटली जाते. म्हणजे गप्प राहण्याचे महिनेही देवाच्या हिशेबात वाया गेले नाहीत.

आता गोष्टीचा पुढचा भाग, जो तुमचा हात धरणाऱ्या बाईने सांगितला नाही. एलिझाबेथचा तो मुलगा म्हणजे योहान. हेरोदाने त्याला तुरुंगात टाकलं, मृत समुद्राच्या पूर्वेला मखेरस नावाचा किल्ला होता तिथे, असं जोसेफस हा त्या काळचा इतिहासकार लिहितो. ज्याने येशूला यार्देनेत बाप्तिस्मा दिला तोच योहान त्या कोठडीतून निरोप पाठवतो, येणारे ते, म्हणजे तारणारे, तुम्हीच का, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट बघायची? याहून मोठी शंका कुठली! येशू रागावला नाही. आंधळे बघतायत, पांगळे चालतायत, गरिबांना सुवार्ता मिळतेय, हे योहानाला जाऊन सांगा म्हणाला, आणि निरोप्ये गेल्यावर लोकांना म्हणाला, स्त्रियांच्या पोटी जन्मलेल्यांत योहानाहून मोठा कुणी झाला नाही. पण कोठडीचं दार उघडलं नाही, हेही खरं आहे आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पुढे त्याचं डोकं उडवलं गेलं. प्रार्थनेनंतर झालेल्या मुलाची ही गोष्ट आहे, ती कुणाला आशेची गोळी म्हणून द्यायची नसते. आणि हा तुरुंगातला प्रश्न आपल्याकडे तीन वर्षांतून एकदा कधी वाचतात माहितीये? तिसऱ्या रविवारी, ज्याला आनंदाचा रविवार म्हणतात, गुलाबी वस्त्रं असतात त्या दिवशी. चर्चने शंका आनंदाच्या शेजारी बसवलीय, बाहेर काढलेली नाही.

गाता येत नाही म्हणता, तर आगमनकाळात रविवारी ग्लोरिया म्हणत नाहीत हे तुमच्या लक्षात आलं असेल. देवदूतांचं गाणं, उपवासकाळ सोडला तर एरवी दर रविवारी म्हणतो, ते चार रविवार अख्खं चर्च गिळून बसतं, वेदीवर जांभळा रंग आणि ते गाणंच नाही. तुम्ही नुसत्या उभ्या राहता तेव्हा एकट्या गप्प नसता.

म्हणून रविवार सोडू नका. मधल्या दिवसांच्या मिस्साचं बंधन नाही, १९ आणि २२ तारखेला जीवाला फार होत असेल तर घरी थांबा, त्यात पाप नाही. डॉक्टरकडे जायचं राहिलं असेल तर दोघांनी मिळून जा, तपासणी नवऱ्याचीही होते आणि व्हायलाच पाहिजे, त्याने विश्वासाला कमीपणा येत नाही.

आणि ज्या मैत्रिणी, काकू, सासवा हे वाचतायत त्यांना हात जोडून सांगते, चर्चच्या पायरीवर कुणाला एलिझाबेथ ऐकवू नका, शेजारी उभ्या राहा, घरी चहाला बोलवा, मुलाचा विषय तिने काढला तरच काढा.

मी १९ ला सकाळच्या मिस्साला असणार आहे. त्या दिवशीचं वाचन तुमच्या वतीने मी ऐकते, तुम्ही घरीच थांबा.