जपानमधल्या इसेचं देऊळ दर २० वर्षांनी नवं बांधतात, मग ते प्राचीन कसं म्हणायचं?

तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. नागोयाला राहत असताना २०१६ मध्ये मी इसेला गेलो, तेव्हा हाच प्रश्न मनात घेऊन गेलो होतो.

इसे जिंगू म्हणजे एक देऊळ नव्हे, लहानमोठी मिळून १२५ देवस्थानं आहेत. मुख्य दोन: नाइकू, म्हणजे सूर्यदेवी आमातेरासूचं, आणि गेकू, अन्नाची देवता तोयोउकेचं. गाभाऱ्याजवळ आपल्याला जाता येत नाही. कुंपणावर कुंपणं आहेत, पुढे पांढरा पडदा, वर छपराची टोकं तेवढी दिसतात.

मला उत्तर मिळालं ते गेकूच्या शेजारी. तिथे देवळाएवढीच एक रिकामी जागा आहे, पांढरे गोटे पसरलेली, मधोमध छोटीशी लाकडी खोपटी. पुढचं देऊळ इथे उभं राहणार, २०३३ मध्ये. मग आजची जागा रिकामी होणार. ही अदलाबदल ६९० सालापासून चालू आहे, सम्राज्ञी जितोच्या काळापासून. मध्ये युद्धांच्या धामधुमीत शंभराहून जास्त वर्षं खंड पडला, तरी १५८५ मध्ये लोकांनी ती पुन्हा उभी केली. २०१३ ची खेप ६२वी.

खांब हिनोकी नावाच्या सुगंधी सरूचे, आणि ते जोत्यावर नसतात, थेट मातीत पुरतात. छप्पर गवताने शाकारलेलं. असं बांधकाम कुजणारच. पण त्यामुळेच सुतारकाम कधी विसरलं जात नाही: विशीत शिकाऊ असलेला सुतार पुढच्या खेपेला चाळिशीत मुख्य कामं करतो, साठीत तरुणांना शिकवतो. देवीची वस्त्रं, तलवारी, आरसे, अशा १,५७६ वस्तूही दर वेळी नव्याने घडवतात, म्हणजे विणकर आणि लोहारांचे हातही चालू राहतात. आपण जीर्णोद्धार करतो तेव्हा जुना दगड वाचवायला बघतो. इथे वाचवली आहे ती घडवण्याची रीत, आणि माझ्या मते प्राचीन म्हणायचं ते तिलाच.

लाकूडही वाया जात नाही. जुन्या देवळाच्या आढ्याचे खांब नाइकूकडे जाणाऱ्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या लाकडी कमानींना (तोरीइंना) लागतात. २० वर्षांनी ते तिथून निघतात आणि सेकी व कुवाना या जुन्या तोकाइदो रस्त्यावरच्या गावी जातात. परतताना मी कुवानाला उतरलो. नदीकाठच्या त्या तोरीइचं लाकूड १९७३ साली देवळाचा खांब म्हणून उभं राहिलेलं. हात लावून बघितलं, अजून घट्ट होतं.