दरडीतून वाचलेला भाचा पाऊस वाढला की बूट घालून झोपतो. त्याला ते सगळं विसरायला कसं लावायचं?

ताई, विसरायला लावायचा नाद आधी सोडा. तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी दरडीत तुमची नणंद आणि तिचे यजमान गेले, मुलगा आता बारा वर्षांचा आहे, रडत नाही, त्या रात्रीचं नाव काढत नाही आणि पाऊस वाढला की पायात बूट घालून झोपतो. मी डॉक्टर नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपातून वाचलेली आहे, तेव्हा पाचवीत होते. त्यामुळे बुटांचं मला नवल वाटलं नाही.

आमची घरं दगडमातीची, वर जाड माळवद. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत असताना पहाटे 3:56 ला घरं बसली. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो तेव्हा मी उशाशी स्टीलचे पेले उपडे, एकावर एक रचून ठेवायची. जमीन हलली की ते पडणार आणि मला जाग येणार. वडील चिडायचे. आई काही न बोलता रोज रात्री पेले पुसून आणून द्यायची, म्हणून मला झोप लागायची. बूट काढायला लावू नका. बॅटरी, रेनकोट, पाण्याची बाटली अशी पिशवी त्याच्याच हातानं भरून दाराशी ठेवू द्या. पाऊस कोसळायला लागला तर घरातल्या कुणी कुठून बाहेर पडायचं, हे त्याच्यासोबत दिवसाउजेडी चालून बघा.

आता तो गप्प का, याबद्दल. कारण मला माहीत नाही, पण एक शक्यता मी स्वतः भोगलीय. त्या रात्री अंगणातली बाज मला मिळाली आणि धाकटा भाऊ आत झोपला. बाजेसाठी आमचं रोजच भांडण व्हायचं. बाहेर झोपलेले बरेच जण वाचले. हा हिशोब मी वीस-बावीस वर्षं कुणाला सांगितला नाही. भेटायला येणारे म्हणायचे, ‘पोरगी नशिबाची, देवानं हिला कशासाठी तरी ठेवलंय.’ मग भावाला का नाही ठेवलं? ‘देवानं कशासाठी तरी ठेवलंय’ हे वाक्य भाच्याच्या कानावर पडू देऊ नका. त्याऐवजी सहज कधीतरी म्हणा, ‘असं झालं की मुलांना वाटतं आपलंच काही चुकलं. तसं नसतं.’ आणि तिथेच थांबा, उत्तर मागू नका. खोदून खोदून ‘सांग ना काय झालं’ करणारे पाहुणे दारातूनच परत पाठवा, वाईट दिसलं तरी चालेल.

भूकंपानंतर शांतिलाल मुथांच्या पुढाकारानं भारतीय जैन संघटनेनं आमच्या भागातली बाराशेच्या आसपास मुलं शिकायला पुण्याला नेली. माझी एक मैत्रीण त्यात होती. ती सांगायची, रात्री कुणी किंचाळत उठलं तर कुणी कारण विचारायचं नाही, सगळ्यांना ठाऊकच असायचं. तुमच्या भाच्याच्या गावची वाचलेली मुलं कुठे असतील तर गाठ घालून द्या. क्रिकेट खेळले, एवढंच झालं तरी पुष्कळ.

त्या घटनेच्या दिवसाचं सांगायचं तर आमच्याकडे भूकंपाचा दिवस वर्षातून दोनदा येतो, तिथीनं आणि तारखेनं. तुमच्या भाच्याचा दरडीचा दिवस ज्या आठवड्यात येतो त्या आठवड्यात चिडचिड, पोटदुखी, अंथरूण ओलं होणं, अभ्यासात लक्ष नसणं हे होऊ शकतं. त्यावरून ओरडू नका.

पण दोन वर्षं झालीत, म्हणून आता नुसती वाट बघू नका. एक महिन्याच्या पुढे असा त्रास टिकला तर तज्ज्ञाला दाखवावं. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर त्याच दिवशी. सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. मुलाला थोडंथोडं, त्याच्या वेगानं, ती रात्र सांगायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत आहे, तिचा मुलांना चांगला उपयोग होतो आणि तीत सांभाळणाऱ्यालाही सोबत घेतात. पहिल्याच भेटीत सगळं बोलून टाक म्हणणारा भेटला तर दुसरा शोधा.

शेवटी एक विचारते, राग मानू नका. तुमच्या यजमानांची सख्खी बहीण गेलीय आणि तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेखच नाही. घरात मामाच तिचं नाव घेत नसेल तर पोरगं कुठून घेईल? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पहिला फोन मामानं स्वतःसाठी केला तरी चालेल.