‘सूट’ नव्हे, ‘अपवाद’च

प्रश्न असा: एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या बातम्यांत ‘सॅलरी कॅप एक्सेप्शन’ येते (संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा ओलांडून खेळाडू घेण्याची नियमातली मुभा), त्याला ‘पगारमर्यादेतील सूट’ म्हणावे का? आणि त्यातल्या ‘मिड-लेव्हल’, ‘बर्ड’ या प्रकारांचे मराठीत काय करायचे?

‘सूट’ म्हणू नये. हा शब्द सर्रास कानावर पडतो आणि दर वेळी अर्थ उलटा करून जातो. सूट मिळाली की पैसे कमी भरायचे असतात: घरपट्टीत सूट, साडीवर सूट. इथे संघाला एक डॉलरही माफ होत नाही. उलट अपवाद वापरून पगारांची बेरीज कररेषेपलीकडे गेली (2024-25 मध्ये ही रेषा 17 कोटी 8 लाख डॉलर होती), तर वर ‘लक्झरी टॅक्स’ हा लीगचा कर बसतो. ‘पळवाट’ त्याहून चूक. हे अपवाद लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या करारात कलमवार लिहिलेले आहेत. ठेवलेल्या दाराला कोणी पळवाट म्हणत नाही.

शब्द ‘अपवाद’च, आणि तो किती चपखल आहे ते पाहा. ‘लोकापवाद’मधली निंदा बाजूला ठेवू. संस्कृत व्याकरणात सर्वसाधारण नियम तो ‘उत्सर्ग’, त्याला बाधणारा खास नियम तो ‘अपवाद’. तिथली परिभाषा, म्हणजे नियम कसे लावायचे याचा नियम, सांगते: ‘प्रकल्प्य चापवादविषयं तत उत्सर्गोऽभिनिविशते’. म्हणजे अपवादाचा प्रांत आधी आखून वेगळा काढा, उरलेल्यात उत्सर्ग शिरतो. एनबीएचा हिशेब अक्षरशः याच क्रमाने चालतो! मर्यादेखाली संघाकडे जागा किती, हे नुसत्या पगारांच्या बेरजेवरून ठरत नाही. करार संपलेल्या स्वतःच्या खेळाडूंपोटी धरलेली राखीव रक्कम, म्हणजे ‘कॅप होल्ड’, आणि न वापरलेला मिड-लेव्हल अपवाद (ठरलेल्या रकमेपर्यंत कोणताही खेळाडू घेण्याची मुभा) आधी मर्यादेत मोजतात. मग उरेल ती जागा. जास्त हवी असेल, तर त्यांच्यावरचा हक्क सोडावा लागतो.

सॅन अँटोनियो स्पर्सचा 2015 चा उन्हाळा घ्या. मर्यादा 7 कोटी डॉलर. कवाय लेनर्डचा करार संपलेला, पण त्याच्यापोटी राखीव धरले जात होते जेमतेम 72 लाख. संघाने आधी लामार्कस ऑल्ड्रिजला जागेत बसवले आणि लेनर्डची सही मागाहून घेतली, पहिल्या वर्षाला 1 कोटी 64 लाखांवर. त्याच्यासाठी बर्ड अपवाद होता, म्हणजे स्वतःच्याच खेळाडूला पुन्हा करारबद्ध करताना मर्यादा ओलांडली तरी चालत होते. क्रम उलटा झाला असता, तर 92 लाखांची जागा हकनाक गेली असती. ‘सूट’ म्हणणाऱ्यांनी हा क्रम आपल्या शब्दातून समजावून दाखवावा.

‘कॅप’ आणि ‘एक्सेप्शन’मधला ‘सेप्ट’ एकाच धातूचे, असे ठामपणे सांगणारेही आहेत. साफ चूक. एक्सेप्शन लॅटिन ‘कापेरे’पासून, म्हणजे घेणे, ‘एक्स’ लागून ‘बाहेर काढून घेणे’. कॅप ही ‘काप्पा’, डोक्यावरचे आच्छादन. म्हणूनच ‘पगाराची टोपी’ असे भाषांतर करणाऱ्यांना हात जोडून विनंती: मराठीत टोपी घालणे म्हणजे फसवणे. ‘पगारमर्यादा’ म्हणा.

मिड-लेव्हलला ‘मधल्या फळीचा अपवाद’ म्हणता येईल. क्रिकेटमुळे ‘मधली फळी’ सर्वांच्या तोंडी आहे. 2024-25 मध्ये तो 1 कोटी 28 लाखांचा होता, कररेषेच्याही वरच्या ‘पहिल्या एप्रन’ या रेषेपलीकडच्या संघांना 51 लाख 68 हजारांचा, आणि त्याहून वरच्या, 18 कोटी 89 लाखांच्या ‘दुसऱ्या एप्रन’वर गेलेल्यांना मुळीच नाही. तो दोघा-तिघांत वाटता येतो, पण दोन अपवाद जोडून एका खेळाडूला देता येत नाहीत. बातम्यांत सर्वाधिक चुका इथेच होतात.

आणि ‘बर्ड’ हे आडनाव आहे, बॉस्टन सेल्टिक्सच्या लॅरी बर्डचे. ‘पक्षी-हक्क’ करू नका. मुक्त (करार संपलेला) खेळाडू म्हणून संघ न बदलता सलग तीन हंगाम झाले की पूर्ण बर्ड: त्याला लागू असलेल्या कमाल पगारापर्यंत, पाच वर्षांपर्यंत करार. दोन हंगामांचा ‘अर्ली बर्ड’ आधीच्या पगाराच्या 175 टक्के किंवा लीगच्या सरासरीच्या 105 टक्के, जे जास्त असेल तिथपर्यंत. एकाच हंगामाचा असेल, तर साधारणतः 120 टक्के.