सनरूफ की ईएससी, आणि पैसे कुठून काढायचे?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की दोन गाड्या बघून ठेवल्यात, एकीत सनरूफ, अलॉय व्हील, मोठी स्क्रीन सगळं आहे पण ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरायला लागली की तिला आपोआप सावरणारी सिस्टीम) नाही, दुसरी साधी पण ईएससीवाली आणि पाच टक्के महाग, मग तो फरक इमर्जन्सी फंडातून काढू की सरळ पहिली घेऊन मोकळी होऊ.

ईएससीवाली घ्या. पण फंडाला हात लावायचा नाही.

तुम्ही लिहिलंय की एबीएस तर दोन्हीत आहे, मग अजून काय पाहिजे. एबीएस जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ देत नाही, तेवढंच त्याचं काम. ईएससी तुम्ही ब्रेकला पायही लावला नसेल तरी जागी असते, स्टीअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरोखर किती फिरतेय हे सेन्सर सारखं ताडून बघतात आणि दोन्ही जुळेना की एखाद्याच चाकाला ब्रेक लागतो. ओल्या वळणावर मागची बाजू सुटली तर बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक धरलं जातं, आणि गाडी न वळता सरळच निघाली तर आतल्या बाजूचं मागचं, शिवाय इंजिनची ताकदही कमी होते. आपल्याकडे पेडल एकच, कितीही पट्टीचा ड्रायव्हर असला तरी एक चाक वेगळं कसं धरणार? १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका टेस्टमध्ये मर्सिडीजची छोटी ए-क्लास झटकन वळवताना उलटली, त्यानंतर कंपनीने त्या गाडीत ही सिस्टीम स्टँडर्ड करून टाकली, आणि युरोपात २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला ती सक्तीचीच आहे.

आता पैशाचं. इन्शुरन्स गाडीचे पैसे देईल, तेही बहुतेक वेळा घसारा कापून, पण हाड मोडून तुम्ही चार महिने घरी बसलात तर त्या बुडालेल्या कमाईचं काय? आणि नेमक्या त्याच चार महिन्यांसाठी फंड असतो, म्हणून तो गाडीत घालायचा नाही. हप्ते वाढवून घेणंही मला पटत नाही, दरवर्षी किंमत उतरणाऱ्या वस्तूवर जास्त व्याज कशाला? त्यापेक्षा तीन-चार महिने थांबा, हप्त्याएवढी रक्कम बाजूला टाकत राहा, डाउन पेमेंट वाढेल आणि हप्ता झेपतो का तेही कळेल. थांबणं शक्यच नसेल तर दोन-तीन वर्षं वापरलेली ईएससीवाली बघा. स्क्रीन, अलॉय नंतर लावता येतात, ईएससी नंतर बसवायचा विचारही करू नका.

एक मात्र आहे, गुळगुळीत टायरवर ईएससी काही करू शकत नाही, पकड ती तयार करत नाही, असलेली वापरते. तेव्हा टायरचे पैसे वेगळे ठेवा.

आणि हो, नावावर जाऊ नका, कोणी ईएसपी म्हणतं, टोयोटा व्हीएससी, होंडा व्हीएसए, सगळं एकच. टेस्ट ड्राइव्हला इग्निशन ऑन केलं की घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चिन्ह लागून विझतं का ते बघा, नाही दिसलं तर सेल्समनकडून त्या व्हेरिएंटची फीचर लिस्ट लेखी घ्या, बुकिंगची रक्कम त्यानंतरच भरा.